भिंतीवरचं येलचपूर

सन्माननीय अध्यक्ष, शाळा समितीचे गजेंद्रभाऊ, मंचावरची पाहुणे मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या रागिणी मॅडम आणि समोर बसलेल्या अचलपूरकर मायबापहो, नमस्कार.

मी रोहित. दहावीत शाळा सुटली, तेव्हापासून ट्रकवर फिरतो. संत्रा भरतो शेंदूरजनाघाटात आणि दिल्लीच्या मंडईत त्याला म्हणतात नागपुरी. ते असो, विषय आपल्या गावाचा आहे.

पाचवीच्या पहिल्या दिवशी मॅडम सांगायच्या, "घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या, या गावाला काय म्हणता?" दुसऱ्या दिवशी ते नाव गेरूनं वर्गाच्या भिंतीवर लिहायचं, खाली सांगणाऱ्याचं नाव. जुनी ओळ पुसायची नाही. म्हणून तिथं शकूरमियाँचं इलिचपूर आहे, इंग्रज साहेबांच्या नकाशातलं एलिचपूर आहे, माझ्या आजीचं, जाईबाईचं, येलचपूर आहे. सगळ्यांच्या वर ताम्रपटातलं अचलपूर, ते मॅडमनं स्वतः लिहिलेलं.

मग बिनसहीचा अर्ज आला. मॅडम पोरांना परकं नाव शिकवतात म्हणे. समितीनं ठरवलं, उद्या सकाळी भिंतीला चुना. आज शाल आणि उद्या चुना, याला निरोप म्हणायचं का? हे गाव वसवणाऱ्या एल राजाची गोष्ट आपल्याच घरांत सांगतात, मग त्याचं नाव परकं कधी झालं?

गजेंद्रभाऊ म्हणून राहिले, "रोहित, आटप रे. शाल घालायची राहिली."

आटपतो, भाऊ. पण खिडकीपाशी तुमच्याही हातची ओळ आहे. येलचपूर, खाली पुंजाराम. तुमचे आजोबा. मॅडम ती दाखवून सांगायच्या, अमरावतीच्या स्टँडवर आजोबा म्हणत, "येलचपूरचं एक द्या जी," कंडक्टर अचलपूरचं फाडून देई, आणि दोघं एकाच गावात उतरत.

काल मी मॅडमना विचारलं, "तुमी कावून नाही बोलत?" त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर राग पोरांवर निघेल रे. भिंत जाऊ दे."

मले नाही जाऊ देता येत.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. कमी शिकलेल्या तोंडातून वेडंवाकडं निघालं असेल तर आपलं पोर समजून पदरात घ्या. उद्याची सुरतेची फेरी मी सोडून दिली आहे. चुन्याची बादली घेऊन माणूस येईल, तेव्हा मी तुमच्या आजोबांच्या नावापुढं उभा असेन. भाऊ, त्या माणसाला काय सांगायचं, ते तुमी येऊन सांगा.