देविदासच्या टपावरचं रेलिंग

न्हाई, पण मला एक सांगा, माणसानं सोताच्या गाडीच्या टपावर रेलिंग बसवलं तर त्यानं कुणाचं घोडं मारलं? कुणाचंच न्हाई! पण आमचा तांडा... तुमाला सांगतो, त्या रेलिंगपायी देविदासचं जे झालं ना, ते दुश्मनाचं बी होऊ नये. 'वर जागा हाये ना!' ज्याला बघावं त्याच्या तोंडात येवढंच. आरं, जागा हाये म्हणून काय आख्खं बिऱ्हाड चढवायचं?

बरं, हा देविदास कोण, तर देविदास राठोड, आखाडा बाळापुरात दुकान, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो, राहतो आमच्याच तांड्यावर, वजन शंभराला दोन कमी, सोभाव गायीचा. आन त्याची गाडी म्हणजे ती मागून लांबलचक असते ना, स्टेशन वॅगन म्हणतेत, तसली. नांदेडच्या एका डाक्टरनं वापरून वापरून इकलेली, वीस वर्साची. तसल्या गाड्या करणं कंपनीनं कवाच सोडून दिलं, पण देविदासचा जीव तिच्यावर. पोरींना 'अगं' म्हणंल, गाडीला मातर 'बाई' म्हणतो.

तर झालं काय, देविदासची थोरली पुजा, वसमतला दिलेली, तिला लेकरू झालं. पोरगं! रईवारी बारसं. आता देविदासची आई रूपाबाई, आमच्यात आईला याडी म्हणतेत, तर याडी बसली हटून. 'लेकरू आपल्याच पाळण्यात निजंल!' आपला पाळणा म्हणजे सागवानी, चार पायांचा, सुतारानं एक खिळा न वापरता नुसत्या खुंट्या ठोकून केलेला, उकलायची सोयच न्हाई. देविदाससगट सहा लेकरं त्यात वाढली. बरं, न्या म्हणलं! पण याडीचा उजवा गुडघा वाकत न्हाई, तिला मागचं आख्खं शीट लागतं, पाय लांब करून. शीट पाडलं की पाळणा बसतो, याडी बसत न्हाई. शीट उभं केलं की याडी बसते, पाळणा बसत न्हाई. देविदास दोन दिवस शीट पाडून राहिला, उभं करून राहिला, पुन्ना पाडून राहिला...

'याडी, पाळणा आधी पिकपमधी धाडून देऊ,' देविदास म्हणला. तर म्हातारी म्हणते कशी, 'मोकळा पाळणा एकटा धाडतेत व्हय रं? येडा का खुळा तू? पाळण्यासंगं घरचं म्हातारं माणूस लागतं. पणतू बघितल्याबिगर मी मरायची न्हाई, आन पाळण्याबिगर मी यायची न्हाई!' घ्या! म्हणून ते रेलिंग. शौक म्हणून न्हाई हो, म्हातारीला पणतू दाखवायचा म्हणून.

आधी नांदेडला शोरूमात गेला. तिथला टायवाला म्हणतो, 'सर, इस मॉडल का तो अब आईना भी नहीं मिलता. आप नई गाडी क्यों नहीं लेते?' गाडीसमोर! देविदासला इतका राग आला, गाडीला कान असते तर त्यानं ते झाकले असते. तसाच माघारी आला आन वारंगा फाट्यावर विश्वंभरकडं गेला. विश्वंभर म्हणजे ट्राल्या, गेट, जिन्याचे कठडे, लोखंडाचं जे म्हणाल ते. त्यानं गाडीभवती एक चक्कर मारली, टपावर दोन टिचक्या मारल्या, आन म्हणला, 'काही न्हाई, सहा ठिकाणी वेल्डिंग मारू, बापजल्मात हालणार न्हाई.' वेल्डिंग? बाईच्या टपाला? देविदास मधी उभा राहिला, म्हणला, 'आधी माझ्यावर मार!'

कारण देविदासनं मोबाइलवर बघून ठेवलं व्हतं, टपाच्या दोन्ही कडांला त्या काळ्या पट्ट्या असतेत ना, त्यांच्या खाली कंपनीनं बोल्टाची भोकं आधीच सोडून ठेवलेली असतेत, ज्यानं रेलिंग घेतलं न्हाई त्याच्या बी गाडीला. विश्वंभर हसला. 'न दिसणारी भोकं!' म्हणला. देविदासनं समोरच्या हाटेलातून भज्याचं उलथणं आणलं, हळूच पट्टी उचलली... आन खरंच की हो! चिकटपट्टीखाली तीन इकडं, तीन तिकडं, आटे पाडून तयार! वीस वर्सं बाई मुकाट्यानं झाकून बसली व्हती. देविदासच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. भोकं बघून रडणारा माणूस तुमी कधी बघितला का? मी बघितला.

पण भोकं सापडली म्हणून रेलिंग सापडतं व्हय? विश्वंभरकडं एका बंगल्याच्या जिन्याचा कठडा उरलेला, इष्टीलचा, झगाझगा चमकणारा, टोकांला नारळायेवढे गोळे. 'गोळे काप,' देविदास म्हणला. 'कापतो की, मंग पाईपात पाणी जाईल, पाईपातून भोकात, भोकातून तुमच्या याडीच्या डोक्यावर,' विश्वंभर म्हणला. त्याचं बी बराबर! मंग राहू दिले गोळे. खाली रबर, वर वायसर, भवतीनं शिलिकॉन, सहा बोल्ट आवळले, आन बसलं एकदाचं. विश्वंभर सोता लटकून दाखवायला लागला, तर गाडी हालली, रेलिंग न्हाई हाललं.

गाडी तांड्यात शिरली तशी ही गर्दी! 'देविदास, ग्यालरी काढली का रं गाडीला?' 'जिना कुन्या बाजूनं हाये?' तांड्याच्या नायकाच्या सुनेनं तर दुसऱ्या दिवशी सकाळी वर गोधडी वाळू घातली. पाळणा वर, याडी खाली, आपलं काम झालं, येवढंच देविदासचं म्हणणं.

उजाडला रईवार. बायको आधीच वसमतला, बाळंतिणीपाशी. पाळणा चढला, दोरानं आवळला. याडी मागच्या शिटावर पाय लांब करून बसली, कोपऱ्यात तिच्या पायापाशी धाकटी दिपा, ती बँकेत हाये, गाडी बापापरीस बरी चालवते. देविदास किल्ली फिरवणार, तेवढ्यात समोर कोण? तांड्याचा नायक धनसिंग, खांद्यावर पोतं! 'देविदास, वसमतला चालला तर आमच्या व्याह्यासाठी हे हळदीचं बेणं घे. वर जागा हाये ना!' आता नायकाला न्हाई कसं म्हणावं? चढवलं. मंग प्रेमसिंग सायकल घेऊन आला, म्हणला वसमतला दुरुस्त करतो. बाळापुरात दुरुस्त होत न्हाई का? होते की! पण वर जागा हाये ना! मंग कोंबड्यांचा डालगा, मंग कुणाचा तरी कूलर, मंग एक थैली ज्वारीची... ती माझी व्हती. खोटं काहून बोलू? सगळेच ठेवून राहिले, म्हणलं आपण काय पाप केलं?

देविदास आपला गाडीचं पुस्तक दाखवून राहिला, 'आहो पन्नास किलोच्या वर न्हाई, लिहिलंय इथं!' धनसिंग नायक म्हणतो, 'पुस्तक कंपनीचं हाये बाबा, तांडा आपला हाये.' आन याडी? तुमाला वाटंल याडीनं लेकाची बाजू घेतली असंल. कशाची! म्हातारी खिडकीतून हात काढून हुकूम सोडून राहिली, 'पोतं डावीकडं! सायकल उजवीकडं! भार बराबर पायजे!' तिचा आजा लदेणीचा माणूस ना, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूख हिंडणारा. 'लदेणी निघाली की कुणाची गठडी मागं ठेवायची नसती,' म्हणे!

आन सामान वर गेलं म्हणल्यावर आत जागा झालीच की! नायक पुढं बसला. प्रेमसिंग डिक्कीत बसला. त्याच्या बाजूला मी. आता माझी थैली वर गेली, मी काहून मागं राहू? देविदास येऊन बसला आन मागच्या चाकातून आवाज आला, खर्रर्र... टायर घासून राहिलं! देविदास उतरला, आवाज बंद. बसला, खर्रर्र. उतरला, बंद. सगळे बघून राहिले, पण उतरतो कोण? मी तर डिक्कीत डोळेच मिटून घेतले.

मंग याडी बोलली. लई शांत, लई मायेनं. 'देवा, लदलेल्या बैलावर धनी बसत नसतो रं. धनी बाजूनं चालतो.'

'याडी, पण गाडी माझी हाये!'

'व्हय ना बाबा. म्हणून तर तू उतर.'

देविदासनं किल्ली दिपाच्या हातात दिली, टपावर हात ठेवून 'हळू जाय बाई' म्हणला, ते दिपाला म्हणला का गाडीला, मला न्हाई कळलं. आन निघाला बिचारा पायी बाळापूरच्या स्टँडाकडं. यष्टीत सगळ्या वाटंनं खिडकीतून मान वाकडी करकरून बघून राहिला, कुठं आपले दोन गोळे चमकतेत का, पाळणा हाये का पडला.

वसमतला पोचला तवर बारसं उरकत आलं व्हतं. पण दारातूनच त्याला दिसलं. मधोमध पाळणा, एक खुंटी ढिली झालेली न्हाई, आत पुजाचं लेकरू, येवढुसं, मूठ आवळून निजलेलं, आन बाजूला याडी, पाय लांब करून, एका हातानं दोरी वढून राहिली, आपल्या गोरमाटी बोलीत काहीबाही गुणगुणून राहिली. देविदासला भरून आलं हो. टायर विसरला, यष्टी विसरला. माझ्या कानात म्हणला, 'याच्यासाठीच तर केलं सगळं.' लई बरं वाटलं त्याला, आन मला बी वाटलं.

जेवणं झाली, निघायची वेळ झाली. आता देविदास एकदम खुशीत! पाळणा इथंच राहणार, बेणं गेलं, कोंबड्या गेल्या, कूलर गेला, गाडी हलकी! किल्ली बोटावर फिरवत भायेर आला... तर टपावर लोखंडी पलंग! पुजाची सासू हात जोडून म्हणते, 'याडीला खाली निजवत न्हाई ना, म्हणून आमच्याकडून. वर जागा हाये ना!' पलंगावर गादी, गादीवर प्रेमसिंगची सायकल. दुरुस्त झाली का? कुठून व्हईल, रईवारी दुकान बंद! आत याडी, दिपा, नायक, डिक्कीत प्रेमसिंग. आन मी? मी तर जेवल्या जेवल्याच येऊन बसलो व्हतो.

देविदासनं टायरकडं बघितलं, याडीकडं बघितलं. याडी हसली. त्यानं किल्ली दिपाला दिली आन स्टँडाची वाट धरली.

यष्टी तीच, कंडक्टर बी तोच. म्हणला, 'मामा, परत तुमी? सकाळी तर सांगून राहिले व्हते, सोताची गाडी हाये म्हणून!'

'हाये ना. तिच्यात जागा न्हाई.'

'मंग सरका पुढं,' कंडक्टर म्हणला, 'इथं जागा हाये ना!'