मनातल्या मनात मोजावे

आदरणीय अध्यक्ष श्यामरावजी, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आमच्या व्यायामशाळेचे मार्गदर्शक भैय्याजी, व्यासपीठावरील मान्यवर, आणि पार जामुलहून बस बदलत आलेल्या माझ्या मायबहिणींनो, बंधूंनो,

मघाशी भैय्याजींनी भर सभेत मला विचारले, "रत्नमाला, दोन्ही कागद पुरे करणारी तू एकलीच. सांग आता, कोणता जड गेला?" तुम्ही टाळ्या वाजवल्या. मला या प्रश्नाचे उत्तर येत नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, तरी येत नाही. का, ते सांगते. आणि मला राग आलेला आहे हेही सांगून ठेवते. नाहीतर आवाज चढला की तब्येत बिघडली असे कोणीतरी समजायचे.

आपल्या मंडळाने वाटलेले ते व्यायामाचे सायक्लोस्टाइल कागद तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी डब्यांखाली अंथरलेले असतील. एक पुरुषांचा, 'घरच्या घरी बलोपासना'. दुसरा 'गृहिणींसाठी घरच्या घरी आरोग्य'. मी गृहिणी नाही, पण मुलींसाठी तिसरा कागद निघालाच नव्हता. व्यायामशाळा दुपारभर कुलपात असते, तेव्हा मुलींना एक तास द्या, असे मी भैय्याजींना म्हटले. ते हसून म्हणाले, पहिले बायकांचा कागद पुरा कर, मग पाहू.

मी पुरा केला. त्यात जात्यावर दळण्याची एक हालचाल आहे. आमच्या घरचे गहू सुपेल्याच्या गिरणीत दळायला जातात आणि मी खोलीत बसून हवेत जाते फिरवते आहे. आई, म्हणजे गिरजाबाई, दारातून म्हणाली, "पीठ पडून राहिलं का खाली? पाहून घे." हसा, मीही हसले. पण तो कागद सोपा नाही. प्रत्येक बैठक सावकाश, पावलाचाही आवाज न करता. भरभर उठबस करण्यापेक्षा अशा सावकाश बैठकांनी मांड्या जास्त थरथरतात. हे श्रेय भैय्याजींचे, ते मी देते.

खाली सूचना होत्या, त्या मला पाठ आहेत. 'आकडे मनातल्या मनात मोजावे. कोणी आल्यास व्यायाम थांबवावा. खंड पडल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा.' दूधवाला आला, एकपासून. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, पुन्हा एकपासून. एकदा तर खुद्द मंडळाची वर्गणी न्यायला माणूस आला.

ते झाल्यावर भैय्याजी म्हणाले, आता माणसांचा करून दाखव. तोही घेतला. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, भरलेल्या बादल्या खांद्यापर्यंत उचलणे. छाती फाटेल असे वाटायचे. सूचना मात्र अशा: 'आकडे मोठ्याने मोजावे. घरच्यांनी व्यत्यय आणू नये.' म्हणजे एका कागदाने घरच्यांना गप्प बसवले आणि दुसऱ्याने मला. सांगा भैय्याजी, तुलना कशाची करू? व्यायामांची, की त्यांच्या खालच्या ओळींची?

मागच्या बाजूला आत्ता काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. घाबरू नका, सांगते नंतर.

तर, माझे वडील चंपतराव प्लांटमध्ये क्रेन चालवतात. नाइट शिफ्टवरून येऊन दुपारी झोपतात, म्हणून पुरुषांचा कागदसुद्धा मी मनातच मोजत करत होते. एके दिवशी चादरीखालून आवाज आला, "रत्ने, एक बैठक खाऊन राहिली तू." ते जागे होते, माझ्या पावलांवरून मोजत होते. मी म्हटले, बाबा, तुमची झोप मोडते. म्हणाले, "मले भट्टीजवळ डुलकी लागते, तुह्या आवाजानं काय होते? मोठ्यानं मोज."

त्या दिवसापासून मोठ्याने मोजले. आठवडाभरात आमच्या खालच्या क्वार्टरमधली ललिता वर आली. मला वाटले, छत हादरते म्हणून भांडायला आली. तर म्हणते, "कल इतनी जल्दी क्यों रुक गई? माह्या बैठका अर्ध्याच राहिल्या ना." ती खाली माझ्या आकड्यांवर व्यायाम करत होती. मग तिच्या ओळखीच्या आल्या, आणि आमच्या खोलीत हात पसरायला जागा उरली नाही. तेव्हा मी मंडळाच्या कमिटीपुढे गेले. दोन्ही कागद पुरे झाले, आता तास द्या.

अध्यक्ष महाराज, तुम्ही दिलेले उत्तर मी जसेच्या तसे सांगते. "बेटा, घरीच एवढं होऊन राहिलं, तर मंग व्यायामशाळा कावून पाहिजे?" भैय्याजी शेजारीच बसले होते. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. उद्या ते गावी जातील. माझ्या मनात मात्र त्यांची ती पाठमोरी मान राहील, आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण जोर काढताना पाठ सरळ ठेवायला त्यांनीच शिकवले.

आणि आज ही शाल. उंबरठा न ओलांडता मिळवलेले यश, असे शब्द मघाशी माझ्या सत्कारात आले. अहो, मी उंबरठा ओलांडू द्या एवढेच तर मागत होते. माझ्या घामाचा तुम्ही माझ्याविरुद्धचा पुरावा केला आणि त्यावर हार घातला. याला सत्कार म्हणतात की नकार?

शालीबद्दल मी मंडळाची आभारी आहे. भैय्याजींना उत्तम आरोग्य लाभो, हे रागातही मनापासून म्हणते. बोलण्यात अधिकउणे झाले असेल तर लहान समजून पदरात घ्या. आणखी एका गोष्टीबद्दल क्षमा असावी. शालीबरोबर दिलेला नारळ माझ्या हातात नाही. अध्यक्षांचे भाषण चालू असताना तो ललिता मागच्या दाराने घेऊन गेली. या सभागृहामागचे मैदान मंडळाचे नाही, टाउनशिपचे आहे. मी ऑफिसात जाऊन विचारून आले. तिथे आज दुपारी आम्ही चुन्याची रेघ मारली. मघाचा आवाज त्या नारळाचा. मुलींची व्यायामशाळा सुरू झाली आहे, मुली मागच्या रांगेपासून खोबरे वाटत येत आहेत, आणि खिडकी उघडी ठेवलीत तर आकडे इथपर्यंत ऐकू येतील.