शालिग्राम यांचं काम

(रायपूर, गुढियारी. रविवारची सकाळ. मालगाडीचे निवृत्त गार्ड शालिग्राम कुकडे, त्यांची बायको इंदू आणि माहेरी आलेली मुलगी इरावती. ती युनिव्हर्सिटीत मेंदू आणि वागणूक यांवर संशोधन करते.)

इरावती : आणि शेवटी त्यानं लिहिलंय, लेखिकेनं शालिग्राम यांचं काम वाचलेलं दिसत नाही.

शालिग्राम : कोणाचं काम?

इरावती : शालिग्राम यांचं. आधी ते वाचा, मग उंदरांच्या भीतीवर लिहा, असं म्हणून राहिला तो. माझा नवा पेपर छापायचा का नाही, ते ठरवणारा परीक्षक आहे, बाबा. परदेशातला असेल.

इंदू : तुमचं काम त्याले कुठं दिसलं हो? मले तं या घरात कधी दिसलं नाही.

शालिग्राम : थांब नं तू. इरा, हा शालिग्राम कोण? बिहारकडचा आहे का कोणी?

इरावती : कोणी नाही, मीच आहे. माझा पहिला पेपर, लग्नाआधीचा. भ्यालेला उंदीर शांत उंदराशेजारी ठेवला की त्याची भीती लवकर जाते, तो.

इंदू : त्याच्यापायीच तू दिवाळीले घरी आली नव्हती.

इरावती : तोच. त्यावर नाव काय टाकलं होतं, आठवते?

शालिग्राम : मीच तं सांगितलं होतं तुले. कुकडे इरावती शालिग्राम. आधी आडनाव, मंग आपलं, मंग बापाचं. आमच्या रेल्वेत तसंच लिहितेत.

इरावती : हव. अन् तिकडचे लोक शेवटच्या नावाले आडनाव समजतात. तं तो पेपर जगभर 'शालिग्राम' म्हणून चालून राहिला. दुसऱ्यांनी आपल्या पेपरात त्याचा हवाला दिला, ती सायटेशनं सारी शालिग्रामच्या खात्यात. लग्नानंतरचं माझं काम वैरागडे नावावर, त्याले फारसं कोणी विचारत नाही.

इंदू : म्हणजे एकीच्या दोघी झाल्या. अन् तुले आत्ता समजलं?

इरावती : परीक्षकानं लिहिलं तेव्हा शोधलं. आपलंच नाव शोधत बसायची लाज वाटे, आई. आता मंगळवारी प्रोफेसरच्या जागेचा इंटरव्ह्यू आहे. कमिटी आधी सायटेशन पाहते. वैरागडेबाई त्यात मागंच राहते.

शालिग्राम : म्हणजे माझ्यामुळं तुझं नुकसान झालं. खोडून टाक माझं नाव. जिंदगीभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसणारा माणूस मी, उंदरात माझं काय काम?

इरावती : खोडायचं नाही, बाबा. मले आवडलं ते. दोन्ही खाती जोडायचा अर्ज मी टाकला, पण मंगळवारपर्यंत काही होत नाही. तोवर तोंडानं सांगावं लागेल, की तो गाजलेला पेपर माझा आहे. ते कसं सांगू? मिरवल्यासारखं वाटते.

इंदू : काहून? चोरी केली का तू? दुसऱ्याचं आपलं म्हणते, त्यानं लाजावं. आपलं आपलं म्हणायले कसली लाज? पाहुण्यानं विचारलं, पोहे कोणी केले, तं मी काय शेजारणीचं नाव सांगते?

शालिग्राम : बरोबर बोलली तुझी आई.

इंदू : ऐकलं? हे पण कुठं छापता येते का पाह्य.

शालिग्राम : इरा, गाडी सुखरूप पोचली तं गार्डाले कोणी विचारत नाही. गाडी मी सांभाळून आणली, हे मी कधी सांगितलं नाही, अन् कोणाले समजलंही नाही. त्याचं मले अजून वाईट वाटते. तू तसं नको करू, बेटा. मोबाइल घे, त्या परीक्षकाले उत्तर लिही.

इरावती : आत्ता?

शालिग्राम : आत्ता. मंगळवारची तयारी होईल तुझी.

इरावती : बरं. इंग्रजीत लिहून राहिली मी.

इंदू : आमाले मराठीत सांग.

इरावती : 'शालिग्राम यांचं काम मला चांगलं ठाऊक आहे. ते मीच केलं आहे.' बस. जास्त झालं का?

इंदू : कमीच आहे बाप्पा. अन् हेच मंगळवारी कमिटीपुढं बोलजो.

इरावती : बोलीन. बाबा, पाठवू?

शालिग्राम : पाठव. पण आधी परत एकदा वाच.