बिस्त्रावेच्या झडपेबाबत सेनिया मुयागिच यांचा जबाब

नाव सेनिया मुयागिच, वय ६१, व्यवसाय निवृत्त क्रीडाशिक्षिका, सध्या होडी क्लबची प्रशिक्षक, राहणार योशानित्सा, बोस्निया.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

शनिवारी सकाळी मी आणि क्लबमधले माझे जुने सोबती मिर्साद सायकलींवर बिस्त्रावा नदीच्या काठाने वर निघालो. वसंतात नवशिक्या मुलांची कयाक शर्यत घ्यायची होती. होड्या कुठे उतरवायच्या, कुठला खळाळ मुलांना झेपेल, हे पाहायचे होते. मिर्साद यांचे गुडघे दुखतात, म्हणून सावकाश चाललो होतो. गिरणीपाशी थांबून घरून आणलेला चीज भरलेला पिटा खाल्ला, कॉफी घेतली. तिथवर नदी नेहमीसारखी होती, कारण गिरणीपाशी दोन ओढे तिला मिळतात.

गिरणीच्या वर रस्त्यावर अडसर होता. नवीन वीज केंद्राचा पहारेकरी नेदिम तिथे होता. तो म्हणाला, "बाई, पुढं नका जाऊ. खासगी जागा आहे."

मी म्हटले, "रस्ता गावाचा आहे. तुला पोहायला शिकवलं ते याच रस्त्यानं आणून."

तो आमच्या मागून चालत आला. आम्ही सायकली अडसरावरून उचलून पुढे गेलो.

पुढे नदी नव्हती. सगळे पाणी वीज केंद्रासाठी बंधाऱ्यापासून पाइपात घातले होते. पात्रात डबकी उरली होती, त्यांत ट्राउट मासे तडफडत होते. आम्ही हेल्मेटमध्ये भरून काही खाली वाहत्या पाण्यात नेऊन सोडले. मिर्साद म्हणाले, "सेनिया, हेल्मेटानं किती वाहणार?"

मग मी बंधाऱ्यावर गेले. नियमाने पात्रात सोडायचे पाणीसुद्धा झडप लावून अडवले होते. मी मिर्साद यांना पात्रात कुणी माणूस वा गुरे नाहीत ना, हे पाहायला पाठवले. त्यांनी गिरणीपर्यंत पाहून, परत येऊन काठावरून हात वर केला. त्यानंतर झडपेचे चाक मी फिरवले. मिर्साद यांनी चाकाला हात लावलेला नाही. नेदिमने मला अडसरापाशी आणि झडपेपाशी असे दोनदा अडवले, हे नोंदवून घ्यावे. त्याला घरी दोन लहान मुली आहेत.

चाकाला कुलूप होते का, असे विचारले. होते. ते कसे उघडले, हे मी सांगणार नाही.

पाणी आले. मी पळाले नाही. पोलिसांची गाडी येईपर्यंत काठावर बसून होते. मिर्साद रडत होते, ते त्यांचे खासगी आहे.

या नदीत मी किती मुलांना वल्हवायला शिकवले, असे साहेबांनी विचारले. त्याचा वीज केंद्राच्या तक्रारीशी संबंध नाही, म्हणून सांगत नाही.

पुन्हा असे करणार नाही असे लिहून देता का, असे विचारले. नाही. शर्यत ठरल्या दिवशी होईल. झडप बंद असेल, तर मुले आणि त्यांचे आईबाप होड्या डोक्यावर घेऊन कोरड्या पात्रातून चालत येतील, आणि सर्वांत पुढे मी असेन.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "चुकून चाक फिरले" असे आले होते. साहेब हळूच म्हणाले, "राहू द्या ना बाई, तुमच्याच भल्याचं आहे."

ते वाक्य माझ्यासमोर खोडले. बाकी मी सांगितले तसेच आहे, खरे आहे.

सही: सेनिया मुयागिच