तिन्ही मशीन बंद

सासरे: आलात का? मशीन बंद केली मी, बरं का. तिन्ही.

सून: बरं झालं. हळू बोला नाना, छोटी खांद्यावरच झोपलीय. दाढ भरली एकदाची, पण डॉक्टरांच्या बोटाला चावली. तिन्ही म्हणजे? कपड्यांचं तर एकच आहे.

सासरे: कपड्यांचं नव्हे गं. तुझी. लॅपटॉपमधली.

सून: माझी?

सासरे: प्रत्येक चौकटीवर लिहिलेलंच होतं, मशीन एक, मशीन दोन, मशीन तीन. पंखा नुसता ओरडत होता. खालून हात लावला तर चटका बसला. माणूस जागेवर नाही आणि मशीन चालू, हे मला कारखान्यातल्या छत्तीस वर्षांत कधी बघवलं नाही.

सून: नाना, धरा हिला. धरा आधी.

सासरे: दे. काय झालं? अगं, रंग उडाला तुझा.

सून: चार वाजता त्या कंपनीची माणसं माझं काम कॉलवर बघायला बसणार आहेत. आत्ता पावणेतीन झालेत.

सासरे: मग चालू कर परत. एक बटण तर आहे. तशी मी नीट बंद केली आहेत, आधी सगळं सेटिंग…

सून: चालू होतील हो, पण दुसरं मशीन कोरं असेल. सकाळपासून पाच तास मी त्याच्यात बसले होते. सगळं पुसलं गेलं.

सासरे: बंद केल्यावर पुसलं जातं? हे कसलं मशीन?

सून: मीच तसं ठेवलंय. त्यांचं सॉफ्टवेअर अगदी नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवर चालतं का, ते मला बघायचं असतं. म्हणून बंद केलं की ते पहिल्यासारखं होतं.

सासरे: आणि बाकीची दोन?

सून: एकात त्यांचा जुना डेटा आहे, एकात माझं नवं काम. खरा कॉम्प्युटर एकच, त्याच्या आत हे तीन वेगळे. एकात घोळ झाला तर दुसऱ्याला कळतही नाही.

सासरे: एका शेडमध्ये तीन खोल्या, आणि मधल्या भिंती पक्क्या.

सून: तसंच.

सासरे: आणि मी मधल्या खोलीतलं सगळं सामान बाहेर फेकलं.

सून: हो, फेकलंत. आणि मी हजारदा सांगितलंय की माझ्या टेबलावरच्या कशाला हात लावू नका. छोटीला कळतं, नाना, ती चार वर्षांची आहे. आता काय दाखवू मी त्यांना? तीन वर्षं घरी बसल्यावर एका ठिकाणाहून बोलावणं आलं. आज हे चाललं तर कायमची नोकरी, नाहीतर ‘कळवतो’ म्हणतील. आणि ते कळवतो म्हणणारे कधी कळवत नाहीत.

सासरे: मी बोलू का त्यांच्याशी? सांगतो, पोरीची चूक नाही, म्हाताऱ्याने उचापती केल्या.

सून: नको.

सासरे: मोठ्या साहेबांशी बोलतो. मला सवय आहे.

सून: नाना, नको म्हटलं ना. तुम्ही बोललात की ते नोकरी तुम्हालाच देतील.

सासरे: हसलीस. मग आता माझं ऐकशील का? मघाशी सांगायला तोंड उघडलं, तर तू मध्येच तोडलंस. मी सेटिंग उतरवून घेतलंय.

सून: कसलं सेटिंग?

सासरे: तिन्ही मशीनचं. चालू मशीन बंद करायचं तर आधी त्याचं सेटिंग लिहून घ्यायचं, ही टूलरूमची पद्धत. दुसऱ्या शिफ्टचा माणूस आला की त्याला पहिल्यापासून जुळवत बसावं लागू नये म्हणून. ही घे वही. छोटीची चित्रकलेची आहे, तीच हाताला लागली.

सून: हे सगळं तुम्ही हाताने लिहिलंत?

सासरे: दीड तास लागला. पडद्यावर मावत नव्हतं, वर सरकवलं तर अजून निघालं. मग म्हटलं, आता सुरू केलंय तर सगळंच घेऊ. तुझ्यामाझ्यात सांगतो, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. दिसलं तसं लिहिलं.

सून: दुसरं मशीन कुठून सुरू होतं?

सासरे: हत्तीच्या मागच्या पानापासून. अकरा पानं आहेत.

सून: तुम्ही वाचा, मी टाइप करते. छोटीला सोफ्यावर टाका. आणि सावकाश वाचा, एकेक अक्षर.

सासरे: आडवी रेघ, आडवी रेघ, मग पी, ओ, आर, टी. मग आठ, शून्य, आठ, शून्य.

सून: शून्य की ओ?

सासरे: शून्य. माझ्या शून्याच्या पोटात तिरकी रेघ असते. ड्रॉइंगवर शून्याचा ओ झाला की आख्खा जॉब भंगारात.

सून: पुढे.

सासरे: इथे तुझी एक चूक होती, ती मी दुरुस्त केलीय.

सून: कुठे?

सासरे: या ओळीत. ‘अनमाउंट’ लिहिताना तू घाईत एन खाल्लास. तो मी घातला.

सून: मी नाही खाल्ला. ती आज्ञा तशीच आहे, एनशिवाय.

सासरे: असं कसं? शब्द चुकलाय तो.

सून: ज्याने पहिल्यांदा लिहिली त्यानेच खाल्ला असेल. मग सगळं जग तसंच लिहायला लागलं.

सासरे: आणि कोणी तपासलं नाही? आमचा फोरमन असता तर दारातूनच परत पाठवला असता.

सून: आणखी कुठे काय दुरुस्त केलंत? आठवून सांगा, माझा जीव टांगणीला लागलाय.

सासरे: एवढंच. दुसरीकडे एक स्वल्पविराम जास्तीचा वाटत होता, पण हिंमत झाली नाही.

सून: देवासारखे वागलात. वाचा पुढे.

(पाच वाजून गेले आहेत. सून आतल्या खोलीतून बाहेर येते. सासरे दाराशीच खुर्ची टाकून बसले आहेत.)

सासरे: काय म्हणाले?

सून: तुम्ही इथेच बसला होतात तासभर?

सासरे: छोटी उठली तर तुझ्याकडे धावेल म्हणून. सांग ना.

सून: अर्धं दाखवून झालं आणि त्यांच्यातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, हे तुम्ही आधीच जुळवून ठेवलंय. आता हे मशीन बंद करा आणि आमच्या डोळ्यांदेखत कोऱ्यापासून उभं करा.

सासरे: अरे देवा. मग?

सून: मग काय, वही घेतली मांडीवर. वीस मिनिटांत उभं केलं. एकदाही अडलं नाही. सकाळी याच कामाने मला पाच तास रडवलं होतं.

सासरे: त्यांना वही दिसली?

सून: हत्तीसकट. बाईंनी विचारलं, एवढं व्यवस्थित टिपण कोणी केलं? मी सांगितलं, आमच्या घरातल्या फिटरने. मघाशी मी फार लागेल असं बोलले, नाना. नको होतं बोलायला.

सासरे: माझंही चुकलंच. विचारायला हवं होतं. ते जाऊ दे, नोकरीचं काय?

सून: मिळाली. सोमवारपासून या म्हणाल्या.

सासरे: वा. बस तू इथे. पाणी पी आधी. आमच्या चिरंजीवांना कळवलंस का?

सून: पहिलं तुम्हालाच सांगितलं. त्याला संध्याकाळी सांगू. पण सोमवारपासून ऑफिसात जावं लागणार, आणि छोटीची शाळा साडेबाराला सुटते. तिला आणायची काहीतरी सोय बघायला हवी, शाळेत बाईंना भेटून विचारावं लागेल.

सासरे: झालंय ते. रोज मीच आणणार म्हणून सांगितलंय त्यांना.

सून: कधी? आत्ता फोन केलात?

सासरे: फोनवर सांगितलेलं चालत नाही त्यांना. स्वतः जावं लागतं. मागच्या मंगळवारी गेलो होतो.

सून: मागच्या मंगळवारी? तेव्हा मी त्या कंपनीचं काम उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं, नाना.

सासरे: असेल. मी सही करून आलोय त्यांच्या वहीत.