एकोणीस बादल्या मुरूम

नाव: नॉर्मन आल्बर्ट टिंडल. वय: ५७ वर्षे. धंदा: गवत कापायच्या यंत्रांची दुरुस्ती, स्वतःचे दुकान. राहणार: १४, किल्न स्ट्रीट, ब्रॅकनथॉर्प.

आज मंगळवार, १४ ऑक्टोबर रोजी सकाळी १०.०५ वाजता मी ब्रॅकनथॉर्प पोलीस ठाण्यात आपण होऊन आलो आहे. सार्जंट श्रीमती ओल्डरॉइड यांच्या समोर बसून सांगतो की, मिल लेन स्टेडियममधील पुढील वस्तू मी माझ्या हाताने केल्या आहेत. शर्यत सुटताना गाड्यांपुढच्या आडव्या फिती वर उडवणारे यंत्र, त्याचे दोन खांब आणि चार लोहचुंबक; चुंबकांची तार मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर गुंडाळली. ट्रॅक्टरमागे ओढायची लोखंडी फळी, लांबी २ मीटर ४८. दुधाच्या जुन्या टाकीपासून केलेला पाणी मारायचा गाडा. गुणफलकाचे पत्रे, शून्य ते नऊ, प्रत्येकी सहा, रंग हातचा. स्टेडियमची जमीन घेतलेल्या कंपनीने काल माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीत या सर्व वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरल्या आहेत. त्या कंपनीच्या नाहीत.

मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. वेल्डिंग आणि वायंडिंग पुस्तकांतून व चुकांमधून शिकलो. गेली बावीस वर्षे मिल लेनचा ट्रॅक मी राखतो. पगार नाही. सामन्याच्या दिवशी चहा आणि एक मटण पॅटिस मिळते.

सार्जंटबाईंनी स्पीडवे कधी पाहिलेले नाही, म्हणून सांगतो की, एका शर्यतीत चार मोटारसायकली असतात. गिअर एक, ब्रेक नाही, चार फेऱ्या, आणि वळायचे ते फक्त डावीकडे. ट्रॅक तांबड्या मुरमाचा असतो. मागचे चाक घसरवूनच वळण घ्यावे लागते, त्यामुळे मुरूम उडून बाहेरच्या कुंपणाला जातो. दर चार शर्यतींनंतर तो फळीने परत आत ओढायचा, हे माझे काम.

स्टेडियमची जमीन घरे बांधणाऱ्या एका कंपनीने सहा वर्षांपूर्वी घेतली. त्या बदल्यात गावाबाहेर नवे स्टेडियम बांधून देण्याचा आमच्या समर्थक मंडळाशी करार आहे. सहा वर्षांत जागा तीनदा बदलली. सध्या ती जुन्या वीटभट्टीची आहे. कराराच्या सातव्या कलमात असे आहे की, आम्ही जुना ट्रॅक ‘पूर्ण व वापरण्याजोग्या स्थितीत’ ताब्यात दिला, तरच नवे स्टेडियम देणे कंपनीला भाग आहे. सगळा मुरूम कंपनी उचलून नव्या जागी नेईल, असेही त्याच कलमात आहे. हे कलम मी वाचलेले होते. शनिवारी सकाळी ते माझ्या ध्यानात नव्हते. ही चूक माझी. दुसऱ्या कोणाची नाही.

दिनांक ९ सप्टेंबर रोजी शाळेच्या सभागृहात कंपनीचे प्रतिनिधी श्री. प्राउझ यांनी नव्या स्टेडियमचा लाकडी नमुना दाखवला. सुमारे दोनशे माणसे होती. नमुन्यातल्या ट्रॅकवर चार छोट्या मोटारसायकली चिकटवल्या होत्या. आमच्या समर्थक मंडळाच्या अध्यक्ष ब्रेंडा ऑकम यांनी चष्मा लावून पाहिले व म्हणाल्या, “अहो साहेब, तुमच्या गाड्या उलट्या पळतायत. उजवीकडे वळतायत सगळ्या.”

प्राउझ हसून म्हणाले, “तो फक्त नमुना आहे हो.”

मागून रेग स्टॅबल्स, वय ७४, ओरडले, “मागचे दोन पण नमुनेच होते! आम्ही काय बाहुल्या आहोत का, त्यात जाऊन बसायला?”

माणसे हसली. मी हसलो नाही, कारण मी नमुना मोजत होतो. दिलेल्या प्रमाणानुसार आतल्या कडेपासून एक मीटरवरून मोजता ट्रॅकची लांबी २१४ मीटर येत होती. २६० हून कमी लांबीवर सामना घेता येत नाही. मी उभा राहून हे सांगितले. प्राउझ म्हणाले, “टिंडलसाहेब, काळजी करू नका. मिल लेनची एक चिमूट मातीसुद्धा मागे राहणार नाही. माझा शब्द आहे.” हे वाक्य मी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहून घेतले. ती पत्रिका सोबत जोडली आहे.

दिनांक २८ सप्टेंबर रोजी मी वीटभट्टीच्या जागेवर सायकलने गेलो. तेथे एक फलक होता. फलकावर रंगीत चित्र होते व बांधकाम सुरू करण्याची तारीख होती. ती तारीख मागील वर्षाची होती. खुंटी, दोरी, चर, रस्ता यांपैकी काही नव्हते. मेंढ्या होत्या. मोजल्या. एकेचाळीस.

शुक्रवार, १० ऑक्टोबर रोजी मिल लेनवर शेवटचा सामना झाला. आम्ही ४७ विरुद्ध ४३ ने जिंकलो. सोमवारी सकाळी ९ वाजता ताबा द्यायचा होता.

शनिवार, ११ ऑक्टोबर रोजी सकाळी ६.१० वाजता मी माझ्याजवळच्या किल्लीने आत गेलो. बरोबर एकोणीस बादल्या, फावडे, मोजपट्टी, वजनाचा ताणकाटा व एक वही होती. त्या वहीबद्दल विचारल्यावरून सांगतो की, आमच्याकडे पुष्कळ माणसांची राख, त्यांच्या इच्छेने, ट्रॅकवर टाकतात. सामना संपला की घरची माणसे माझ्याबरोबर चालत येतात आणि जागा दाखवतात. मी दाताळ्याने राख मुरमात मिसळतो व वरून फळी एकदा फिरवतो. त्या वेळी फक्त ट्रॅक्टरचा आवाज असतो. मग मी कुंपणाच्या जवळच्या खांबापासून अंतर मोजून वहीत लिहितो. बावीस वर्षांत एकोणीस नोंदी झाल्या आहेत. पहिली नोंद तिकिटे फाडणारे वॉल्टर हेग यांची, खांब ३, अंतर १ मीटर ६०. चौथी रेग स्टॅबल्स यांच्या धाकट्या भावाची, खांब २८. सतरावी ग्लेनिस टिंडल, दुसरे वळण, खांब ४१, अंतर २ मीटर १०.

नात्याबद्दल विचारल्यावरून सांगतो की, माझी पत्नी.

राख इतक्या वर्षांनी त्याच जागी असेल का, असे सार्जंटबाईंनी विचारले. सांगतो की, नसते. हे मला कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. गाड्या मुरूम उडवतात, मी तो आत ओढतो, गाड्या परत उडवतात. राख ट्रॅकभर असते. तरी मी प्रत्येक बादली वहीतले माप घेऊन त्याच जागेवरून भरली. खोली सर्व ठिकाणी आठ सेंटिमीटर. खड्डे बाजूच्या मुरमाने भरून, पाणी मारून, फळी फिरवून सारखे केले. सोमवारी कंपनीच्या माणसाला त्या जागा ओळखता आल्या नाहीत. त्याने मला विचारल्या, तेव्हा मी दाखवल्या.

७.२० वाजता रेग स्टॅबल्स कुत्र्याला फिरवत कुंपणापाशी आले. मी अकराव्या बादलीवर होतो.

“काय रे नॉर्मन, बटाटे लावतोयस का?”

मी म्हणालो, “एकोणीस आहेत, रेग. तुझा भाऊ भरून झालाय. तिकडे निळ्या झाकणाची बघ.”

त्यांनी त्या बादलीचे झाकण उचलून पाहिले व परत लावले. मग म्हणाले, “म्हणजे तुला पण वाटतंय तर.”

मी विचारले, “काय?”

“काही नाही. भर तू.”

त्यानंतर त्यांनी ब्रेंडाबाईंना फोन केला. मी कोणालाही फोन केलेला नाही. ९ वाजेपर्यंत फाटकावर साठ-पासष्ट माणसे जमली. कोणाकडे बिस्किटांचे डबे, कोणाकडे आइस्क्रीमचे, एका बाईंनी लेकीचा पावसाळी बूट आणला होता. मी फाटक उघडले. हे मी कबूल करतो. उघडले नसते तर ती कुंपणावरून आली असती, आणि कुंपण मी मार्चमध्येच रंगवले होते.

मी सर्वांना रांगेत उभे केले. प्रत्येकाचा डबा रिकामा व भरलेला असा दोनदा तोलला व नाव, पत्ता, वजन वहीत लिहिले.

“अरे हा काय वाणी आहे का!” रेग म्हणाले. “पावशेर भाऊ द्या, नॉर्मन, अन् वर एक चिमूट काकू टाका!”

मी सांगितले की, हा मुरूम उसना आहे. नवा ट्रॅक झाला की प्रत्येकाने वहीत लिहिलेल्या वजनाइतका परत आणून टाकायचा. तेव्हा बूट आणलेल्या त्या बाई, शीला क्रॅबट्री, दर सामन्याला तिसऱ्या वळणाशी उभ्या असतात, त्या म्हणाल्या, “परत कुठं आणायचा, नॉर्मन?”

मी पुढचा डबा तोलायला घेतला.

१०.४० वाजता ब्रेंडाबाई कराराची प्रत घेऊन धावत आल्या. मी त्यांना एकोणतीस वर्षे ओळखतो, धावताना प्रथमच पाहिले. म्हणाल्या, “बंद कर! सगळं बंद कर. सातवं कलम! ‘पूर्ण व वापरण्याजोग्या स्थितीत.’ नॉर्मन, अरे, आपणच त्यांच्या हातात कोलीत दिलं.”

रेग म्हणाले, “बाई, डबाभर मातीनं काय होतंय?”

“त्यांना डबाभरच हवी होती. सहा वर्षं नाही म्हणायला कारण शोधतायत ते.”

माझ्या हातात ताणकाटा होता. मी तो खाली ठेवला. त्यानंतर आम्ही मुरूम परत टाकायला सुरुवात केली. पण चौतीस माणसे घरी गेली होती. दोघांनी तर बागेत गुलाबाखाली घातलाही होता. ब्रेंडाबाई घरोघर गेल्या. रविवारी संध्याकाळपर्यंत २०९ किलो परत आला. माझ्या एकोणीस बादल्या मला परत ओतवल्या नाहीत; त्या धरून बाहेर राहिलेला मुरूम ४०२ किलो. संपूर्ण ट्रॅकवर मुरूम सुमारे ६४० टन आहे. म्हणजे हजारात एक भागही नाही. एका सामन्यात प्रेक्षकांच्या कोटांवरून, केसांतून आणि बटाट्याच्या कापांतून याहून जास्त मुरूम घरी जातो, आणि आजवर त्याची तक्रार फक्त घरच्या बायकांनी केलेली आहे. ट्रॅकवर सोमवारी सकाळी शर्यत घेता आली असती. आजही येईल. सार्जंटबाईंनी मोटारसायकलवाल्याला सोबत घेऊन यावे, मी फिती लावून देतो.

सोमवारी ९ वाजता कंपनीचा माणूस आला. ९.५० वाजता त्याने फोन लावला. दुपारी १२ च्या सुमारास आपल्याकडे तक्रार दाखल झाली, असे मला आपणच कळवले. तक्रारीत चोरीबरोबर ‘ट्रॅक निकामी केला’ असे लिहिले आहे. चोरीबद्दल मला काही म्हणायचे नाही, ते आपण ठरवावे. निकामी मात्र लिहू देऊ नये, ही विनंती. ते एकदा येथे नोंदले गेले की सातवे कलम संपले, आणि त्याबरोबर वीटभट्टीची जागाही. दोनशे माणसे त्या जागेवर विश्वास ठेवत नव्हती. पण विश्वास नसणे वेगळे आणि ती जागा आपल्या हाताने घालवणे वेगळे. शनिवारपासून मी नीट जेवलेलो नाही. हे लिहिले नाही तरी चालेल.

बादल्या कोठे आहेत, असे विचारल्यावरून सांगतो की, अठरा माझ्या दुकानात मागच्या भिंतीशी आहेत, प्रत्येकीवर झाकण व नावाची चिठ्ठी आहे. आपण येऊन पाहू शकता. एकोणिसावी घरी आहे. ती मागितली तर आणून देईन, पण शक्यतो मागू नये.

वरील मजकूर सार्जंटबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. फळीची लांबी ‘अंदाजे अडीच मीटर’ अशी लिहिली होती, ती २ मीटर ४८ अशी दुरुस्त करून घेतली. बाकी मी बोललो तेच कागदावर आले आहे, आणि ते खरे आहे. सहीपूर्वी एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती माझ्या सांगण्यावरून खाली जोडली आहे.

काल, सोमवारी दुपारी ३.२० वाजता श्री. प्राउझ माझ्या दुकानात आले. त्यांनी दार लावून घेतले. मागच्या भिंतीशी ठेवलेल्या बादल्या पाहून टोपी काढली, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. मग एक टंकलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात एकच वाक्य होते: मंडळाच्या सांगण्यावरून मी ट्रॅक खणला असून ट्रॅकची देखभाल करणारा या नात्याने माझ्या मते तो आता वापरण्याजोगा राहिलेला नाही. सही केली तर माझ्यावरची तक्रार मागे घेऊ, आणि फितींचे यंत्र आठवण म्हणून कंपनी विकत घेईल, असे ते म्हणाले.

मी म्हणालो, “ते यंत्र नव्या स्टेडियमला लागेल.”

ते म्हणाले, “टिंडलसाहेब, तुम्ही शनिवारी पहाटे बादल्या घेऊन गेलात. नवं स्टेडियम होणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणूनच गेलात ना? मग आता सहीला काय हरकत?”

मी म्हणालो, “मी मोजून घेतलाय. मोजून घेतलेलं परत करायचं असतं.” कागद मी त्यांना परत दिला. त्यांनी यंत्राची म्हणून सांगितलेली रक्कम बारा हजार पाचशे पाउंड होती.