घड्याळ सरळ आहे!

हसा, हसा! घड्याळ सरळ लटकतंय म्हणून घाबरलेली बाई तुम्ही कधी बघितली नसेल, पण तुम्हाला सांगते, आमच्या बाहेरच्या खोलीतलं ते भिंतीवरचं गोल घड्याळ सरळ दिसलं की माझं कशातच लक्ष लागत नाही, कारण ते सरळ असायचं कारणच नाही! ते वाकडं पाहिजे! रोज पाहिजे! आमचे हे म्हणतात, "अगं, वेळ बरोबर दाखवतंय ना? मग?" मग म्हणजे काय मग? वेळ काय, ती मोबाइलमध्येपण दिसते. घड्याळात मी वेळ बघतच नाही हो, मी शिडी बघते!

शिडी म्हणजे लाकडाची नाही, शेजारची मुलगी. नाव छान आहे तिचं, पण अख्ख्या इमारतीत ते कोणी घेत नाही. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे आणि उंची म्हणाल तर... आमच्या दारातून वाकून आत येते. कुणाचा माळ्यावरचा डबा काढायचाय, कुणाचा जिन्यातला बल्ब गेलाय, "शिडीला हाक मारा!" आली, हात वर केला, झालं काम, टाचसुद्धा उचलत नाही. गुणी पोरगी. फक्त एक खोड. पलंगावर उताणं पडायचं, पुस्तक पोटावर, आणि पाठ करता करता बॉल भिंतीवर मारायचा. धप, झेल. धप, झेल. आणि ती भिंत तिची आणि माझी एकच! बिल्डरनं बांधली म्हणतात, मला वाटतं पुठ्ठ्याची चिकटवलीय. तिकडं धप झालं की इकडं घड्याळ हलतं. रोज सकाळी मी स्टुलावर चढून ते सरळ करायचं, रोज संध्याकाळी त्यानं मान टाकायची. किती वेळा तिच्या आईला म्हटलं, अहो, तिला दुसरी भिंत नाही का? तर म्हणते, "दुसऱ्या भिंतीला कपाट आहे." संपलं! कपाटाला जीव आहे, आम्हाला नाही!

आणि त्या एका मॅचपासून, तुम्हाला सांगते... धप नाही. एकसुद्धा धप नाही. घड्याळ सरळ. सकाळी सरळ, दुपारी सरळ, संध्याकाळी चहा घेऊन बसले तरी सरळ! मी स्टूल घेऊन उगाच समोर उभी. करू काय?

मॅच आम्ही हरलो. आम्ही म्हणजे कॉलेज, पण सगळी इमारत गेली होती हो बघायला. आमचे हे, खालचा शिंपी, वरचे रिटायर झालेले कॅशियर, कोपऱ्यावरचा चष्मेवाला, आम्ही म्हणजे कायमचे, पहिल्या रांगेतले! टीमच्या पोरी आम्हाला ओळखतात, रेफरी तर चांगलाच ओळखतो, शिंप्यानं एकदा त्याच्या शिट्टीवरून त्याला बोल लावले होते. आणि हरलो ते कसे? एका गुणानं! जिंकतच होतो हो! शेवटचा बॉल, ती छोटी पोरगी आहे ना, जी अख्ख्या मैदानात नुसती गरगरत असते, भिंगरी म्हणतात तिला, शिडीची जिवाभावाची मैत्रीण, तिनं पास दिला, शिडी बास्केटच्या खाली, समोर कोणी नाही, नुसता टाकायचा... आणि सुटला. हातातून सुटला, बाहेर गेला, शिट्टी वाजली, खेळ खलास. घरी येताना रिक्षात कोणी कोणाशी बोललं नाही. शिंपीसुद्धा नाही! यावरून काय ते समजा.

आणि मग रात्री जेवून मी आपली भिंतीशी बसलेले... मी ऐकत नाही हो, ऐकू येतं. भिंतच तशी आहे! आणि एक स्टीलचा पेला भिंतीला लावून ठेवला होता तो निथळायला, दुसरीकडे जागा नव्हती. तर पलीकडून शिडीचा आवाज. "आई, मी जर्सी परत देणार. रविवारच्या मॅचच्या आधी. सरांना सांगणार, माझ्या जागी दुसरी कोणी घ्या." तिची आई काहीतरी बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही... ऐकू येऊ नये इतकं हळू आईनं बोलावं तरी का! आणि मग शांतता. आणि ती शांतता जी बसली ती बसलीच.

आता सांगा, झोप लागेल? पोरगी जेवते का, झोपते का, उद्या सकाळी उठून जर्सी घडी घालून नेऊन दिली तर? मी वाटी घेतली आणि गेले शेजारी. "साखर द्या हो थोडी." डोळा सगळा आतल्या खोलीवर. दार बंद! दुसऱ्या दिवशी परत वाटी. "साखर..." दार बंद! तिसऱ्यांदा गेले तर शिडीची आईच म्हणाली, "अहो, तुम्ही साखरेचं करताय काय? आत या ना सरळ, बसा." बसले. ती बिचारी म्हणे, "कोणाशी बोलत नाही. भिंगरीचे फोन येतात, घेत नाही. सर येऊन गेले, तोंडावर पांघरूण." आणि रडायलाच लागली. मग मीपण. आणि येताना साखर घेऊन आले, आता देतच होती तर. आमचा डबा भरून वाहतोय, ह्यांना डायबेटिस, खायचं कोणी?

तेव्हा मला ती युक्ती सुचली. म्हटलं, भिंत जर इकडं ऐकवते तर तिकडंपण ऐकवतच असेल ना? भिंतीला काय, दोन्ही कान सारखेच! संध्याकाळी तिघांना चहाला बोलावलं, शिंप्याला, कॅशियरसाहेबांना, चष्मेवाल्याला. खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या, घड्याळाच्या खाली. म्हटलं, हे बघा, पलीकडं पोरगी खचलीय, रविवारच्या आधी जर्सी परत द्यायची म्हणतेय. आपण इथं बसून टीमबद्दल बोलायचं. चांगलं बोलायचं. आणि मोठ्यानं बोलायचं! कॅशियरसाहेब लगेच ताठ बसले. सगळा जन्म काचेमागं गेलाय त्यांचा, नियम केल्याशिवाय त्यांना चहा उतरत नाही. "वहिनी, अगदी बरोबर! नियम एक. आज फक्त जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला कोणी शब्द काढायचा नाही."

सुरुवात काय झाली म्हणता! शिंपी उठून उभाच राहिला, घड्याळाला भाषण दिल्यासारखा. "आपल्या टीमची जमेची बाजू म्हणजे उंची! अहो, शिडीच्या जर्सीचं माप मी घेतो, कापड पुरत नाही, कापड! अशी उंची आहे कुठल्या कॉलेजात?" मी म्हटलं, वा! हे म्हणाले, वा! कॅशियरसाहेब म्हणाले, "उंची जमा!" आणि हा चष्मेवाला, बिस्कीट चहात बुडवत बुडवत, काय म्हणावं? "उंची आहे हो, पण बॉल दिसायला नको का? मी तर म्हणतो, मुलीचा नंबर तपासून घ्या."

मी खोकले. परत खोकले. हे मला पाणी आणून देतात! अहो, पाणी नको, त्याला आवरा!

"खर्चाची बाजू!" कॅशियरसाहेब ओरडले. "पुढची जमा बोला!" चष्मेवाला म्हणाला, "बचाव. बचाव चांगला आहे." शिंपी म्हणाला, "चांगला बचाव असता तर एका गुणानं हरलो असतो का?" "अहो, चांगला होता म्हणूनच एका गुणानं हरलो, नाहीतर वीसनं हरलो असतो!" "म्हणजे हरायचंच होतं का?" "असं कुठं म्हणालो मी?" "मग काय म्हणालात?" आणि झालं! नियम गेला, भिंत गेली, पोरगी गेली, तिघं एकमेकांवर धावून! मोठ्यानं बोला म्हणून मीच सांगितलेलं, ते मात्र बरोबर लक्षात! शिंपी म्हणे चड्डीची शिलाई बदलली तिथंच टीमचं नशीब फिरलं, ह्या वर्षी चड्ड्या दुसऱ्याकडे शिवायला गेल्या. चष्मेवाला म्हणे दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येतो. हे म्हणे सरांनी मध्ये वेळ मागायला पाहिजे होता. मी पेला घेऊन भिंतीजवळ सरकले, म्हटलं रडतेय की काय पोरगी... मी ऐकत नाही हो, पण ऐकू येत नव्हतं म्हणून काळजी!

शेवटी कॅशियरसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "जमा! वेग! भिंगरीचा वेग! अशी पोरगी दुसऱ्या टीममध्ये दाखवा!" सगळे म्हणाले, खरंय. वेग आहे. आणि मग चष्मेवाला हळूच म्हणाला, "वेगच नडला ना. शेवटचा पास केवढ्या जोरात दिला!" शिंपी म्हणाला, "अगदी! हातात द्यायचा तर दगड मारल्यासारखा मारला!" कॅशियरसाहेबसुद्धा म्हणाले, "तो पास... तो पास खर्चातच धरावा लागेल." आणि तुम्हाला सांगते, मला इतकं हलकं वाटलं! म्हटलं, सुटली बाई आपली शिडी, दोष दुसरीकडं गेला! आणि मी, मी भिंतीला तोंड लावून, सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडले, "भिंगरीचंच चुकलं! आमच्या शिडीचा काय दोष! त्या भिंगरीनंच घात केला!"

दारावर थाप. थाप कसली, धडका!

दार उघडलं तर शिडी. वाकून आत आली. डोळे सुजलेले, केस पिंजारलेले, अंगावर चुरगळलेला गाऊन. "काकू! भिंगरीचं चुकलं असं कोण म्हणालं?"

चौघं घड्याळाकडे बघायला लागले. मीपण.

"पास छातीवर आला होता. बरोबर छातीवर, पाहिजे तसा, पाहिजे तेवढ्याच जोरात. बॉल हातात यायच्या आधीच मी वर बास्केटकडे बघितलं. म्हणून सुटला. तुमच्यापैकी कोणी बघितलं का ते?"

शिंपी म्हणाला, "मी तेवढ्यात खाली वाकलो होतो... चप्पल सापडत नव्हती." चष्मेवाला म्हणाला, "मी काच पुसत होतो." कॅशियरसाहेब म्हणाले, "मी गुणफलकाकडे बघत होतो, बेरीज बरोबर आहे का ते." हे माझ्याकडे बघत होते, आणि मी? मी शेवटच्या बॉलला डोळे मिटून घेते हो! नेहमीच! मला ते सहन होत नाही! म्हणजे बघा, पहिल्या रांगेत बसून, त्या एका बॉलवर आम्ही इतका वेळ भांडलो आणि तो बॉल आमच्यातल्या एकानंही बघितला नव्हता!

"बसा," शिडी म्हणाली. बसलो. तिनं सगळे कप गोळा केले, बिस्किटं घेतली, टेबलावर मांडलं. हे बिस्कीट भिंगरी, हा कप मी, ही तीन त्यांची. भिंगरी अशी आली, दोघींच्या मधून, जागा नसताना जागा काढली, इथून पास, कोणाला जमणार नाही असा... बोलता बोलता आवाज चढला पोरीचा, हात हलायला लागले, गालावर रंग आला, मी बघतच राहिले. आणि चष्मेवाल्यानं तंद्रीत एक बिस्कीट उचलून चहात बुडवलं. "काका! ती त्यांची सेंटर प्लेअर होती!" "सॉरी सॉरी," तो म्हणाला, आणि अर्धी सेंटर परत ठेवली.

मग ती एकदम थांबली. म्हणाली, "म्हणजे सगळे असंच म्हणत असणार. कॉलेजातपण. ती तिकडं एकटी हे सगळं ऐकत असेल आणि मी पांघरूण घेऊन..." तिथंच फोन काढला, आमच्यासमोर. "ए भिंगरे. हो, मी. रडू नकोस. मग मीपण रडेन. उद्या लवकर ये. तोच पास, हात दुखेपर्यंत."

मला राहवेना हो! मी म्हटलं, "म्हणजे जर्सी परत नाही ना देणार?"

"काकू, जर्सीचं तुम्हाला कसं कळलं?"

आता काय सांगणार! म्हटलं, "मी ऐकत नाही गं... ऐकू येतं." तिची नजर गेली भिंतीला टेकलेल्या पेल्याकडे. गुणी पोरगी. जाता जाता हात वर करून आमच्या माळ्यावरचा रिकामा डबा काढून दिला, म्हणाली, "साखर ह्यात ठेवा."

रविवारची मॅच? हरलो! तीपण हरलो हो! ह्या खेपेला चांगले सणसणीत हरलो, एका गुणाची भानगडच नाही. शेवटचा पास भिंगरीनं दिला, शिडीनं झेलला, टाकला, पडला, एवढं मी शिंप्याला विचारून घेतलं, पण त्याचा उपयोग काय, तोवर खेळ कधीच हातचा गेला होता. घरी आले, साडीपण बदलली नाही, खुर्ची ओढली आणि घड्याळाच्या खाली बसले. घड्याळ सरळ. पलीकडं दार वाजलं. पलंग वाजला. मग काही नाही. मी मनात म्हटलं, गेली. ह्या वेळेला गेली. जर्सी गेली. हे आतून विचारतात, "जेवायचं नाही का?" मी म्हटलं, श्श!

आणि... धप!

धप, झेल. धप, झेल. आणि त्या तिसऱ्या धपेला, तुम्हाला सांगते, घड्याळ खिळ्यासकट निघालं ते थेट माझ्या मांडीत! काच फुटली, मोठा काटा वाकडा झाला, आणि मी ते पोटाशी धरून हसतेय नि रडतेय, आणि हे दारात उभे, हातात भाताचा डाव.

नवीन काच बसवून आणली आता. हे म्हणतात, "आता तरी ते समोरच्या भिंतीला लाव. तिकडं नुसता रस्ता आहे, कोणी धपधप करायला नाही, जन्मभर सरळ राहील."

समोरच्या भिंतीला? अहो, समोरच्या भिंतीतून काय ऐकू येतं!